मोटरसायकलचं चाक घरी काढणं आणि बसवणं: खाच, पट्टी आणि पिन

अमळनेरहून पारोळ्याकडे जाताना, एका शेताच्या वळणावर माझ्या गाडीचं मागचं चाक अचानक जाम झालं. समोर बैलगाडी होती म्हणून वेग वीस-पंचवीसच होता. ब्रेकवर पाय ठेवला, खाली खट्कन आवाज आला आणि गाडी घसरत जाऊन कडेच्या मातीत उभी राहिली. उतरून पाहिलं तर ब्रेकचा रॉड धनुष्यासारखा वाकलेला आणि ब्रेकची प्लेट, म्हणजे चाकाच्या मध्यावरचं ब्रेकचं झाकण, अर्धा फेरा फिरून अडकलेली. दोनच दिवसांपूर्वी रस्त्याच्या कडेला एकाकडे पंक्चर काढून घेतलं होतं. चाक परत बसवताना ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट त्याने हातानेच फिरवून सोडला होता आणि त्यात पिन घातली नव्हती. नट गळला, बोल्ट निसटला आणि प्लेट मोकळी झाली.

त्या दिवसापासून माझ्या गाडीचं चाक मी स्वतः काढतो आणि स्वतःच बसवतो. दुसऱ्या कुणी बसवलं असेल तर दुकानातून निघण्याआधी खाली वाकून तीन गोष्टी बघतो. पुढच्या चाकाची खाच, मागच्या चाकाची पट्टी आणि पट्टीच्या नटातली पिन. या लेखात बाकी बरंच आहे, पण घाईत वाचत असाल तर निदान या तिघांपाशी थांबा.

आपल्याकडे हे काम यायला हवं, याचं कारण रोजचंच आहे. शेताच्या बांधावर बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे काटे, पावसाळ्यात चाकाला चिकटून मडगार्डमध्ये गच्च बसणारी काळी माती, आणि पंक्चरचं दुकान सात-आठ किलोमीटरवर. पंक्चर गाडी तेवढं अंतर ढकलली की ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटते आणि टायरच्या कडा कापल्या जातात. त्यापेक्षा चाक काढून कुणाच्या गाडीवर मागे धरून नेलं तर ट्यूब वाचते. नवा टायर टाकणं, ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) बदलणं, बेअरिंग बघणं, आऊट झालेली रिम सरळ करून आणणं, या सगळ्या कामांची सुरुवात चाक काढण्यानेच होते.

मी मुख्यतः शंभर-सव्वाशे सीसीच्या, तारांचं चाक आणि ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांबद्दल लिहितोय. खानदेशातल्या कुठल्याही गावच्या पारावर उभ्या असलेल्या दहा गाड्यांपैकी बहुतेक याच असतात. डिस्क ब्रेकबद्दल पुढे वेगळं सांगितलं आहे. ट्यूबलेस टायर असेल आणि साधा खिळा किंवा काटा घुसला असेल तर चाक काढायची गरजच नाही, बाहेरूनच रबरी पट्टी भरता येते.

हत्यारं आणि जागा

रिंग पाने लागतील. आपल्या गाडीच्या नटावर आधी पाना बसवून बघा आणि त्याच मापाचा चांगला पाना विकत घ्या. सतरा, एकोणीस आणि त्यापुढचा एखादा मोठा पाना, एवढ्यात बहुतेक गाड्यांचं काम भागतं. दोन पाने हवेत, कारण एका बाजूला ॲक्सलचं, म्हणजे चाकातून आरपार जाणाऱ्या दांड्याचं, डोकं धरून दुसऱ्या बाजूचा नट फिरवावा लागतो. फिक्स पान्याने ॲक्सलचा नट सोडवायला जाऊ नका. तो दोनच बाजू धरतो, सटकतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडीची वेळ येते. त्याशिवाय पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, लाकडी किंवा रबरी हातोडी, थोडं ग्रीस, जुन्या सुती साडीच्या चिंध्या आणि दोन-तीन नव्या स्प्लिट पिन (नट गळू नये म्हणून घालायची दोन पायांची तारेची पिन) जवळ ठेवा. पिन हार्डवेअरच्या दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळते. जुनी सरळ करून पुन्हा घालण्यात काहीच वाचत नाही, कारण दोनदा वाकवलेली तार तिसऱ्यांदा आपोआप तुटते.

जागा सपाट आणि टणक हवी. घरासमोरचा ओटा किंवा शहाबादी फरशीचं अंगण उत्तम. शेतात काम करावं लागलं तर काळ्या मातीत स्टँड नुसतं उभं करू नका. वरून कोरडी दिसणारी जमीन आतून मऊ असते, स्टँडचा एक पाय रुततो आणि चाक काढलेली गाडी अंगावर येते. स्टँडखाली जाड फळी किंवा सपाट दगड घाला. गाडीवर लहान मुलं चढणार नाहीत हेही बघा. घरी काम करताना हा धोका मला नटबोल्टांपेक्षा मोठा वाटतो.

उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. दुपारी फरशीवर ठेवलेला पाना हातात धरवत नाही, आणि तापलेल्या टायरमधली हवा मोजली तर आकडा खोटा येतो. सायलेन्सरला हात लागणार असतो, म्हणून गाडी बंद करून अर्धा तास तरी जाऊ द्या.

माझे काका गाड्यांची कामं करायचे. त्यांच्याकडे मोठी परात होती. निघालेली प्रत्येक वस्तू ते त्या परातीत घड्याळाच्या काट्यासारखी गोलाकार मांडायचे. पहिली निघालेली बाराच्या जागी, दुसरी एकच्या. मी भराभर नट काढून ढीग केला की म्हणायचे, "घाई कसाले करस? जे जसं निंघनं, तसंच ठेव." बसवताना ते उलट दिशेने परात रिकामी करत यायचे. शेवटी परातीत एखादा वायसर उरला, तर सगळं पुन्हा उघडायचे. आता मोबाइल आहे, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. तरी परातीची सवय ठेवा, कारण कुठला वायसर आधी आणि कुठला नंतर हे फोटोत दिसतंच असं नाही.

मागचं चाक काढताना

गाडी साइड स्टँडवर असतानाच ॲक्सलचा नट अर्धा फेरा सैल करून घ्या. गंजलेला नट सोडवायला जोर लावावा लागतो, आणि डबल स्टँडवर तेवढा जोर लावला तर गाडी पुढे ढकलली जाऊन स्टँडवरून उतरते. नट अजिबात हलत नसेल तर त्यावर थोडं डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल टाकून पंधरा मिनिटं थांबा. मग गाडी डबल स्टँडवर घ्या.

पहिला नंबर ब्रेकच्या रॉडचा. रॉडच्या टोकाला जो नट हाताने फिरवून आपण ब्रेक टाइट-ढिला करतो, तो पूर्ण काढा. पेडल थोडं दाबून रॉड मोकळा करा. रॉडवर एक स्प्रिंग असते आणि ब्रेकच्या आर्मच्या भोकात एक छोटी आडवी गोल पिन असते. ती पिन हमखास मातीत पडते आणि सापडत नाही. म्हणून स्प्रिंग, पिन आणि नट लगेच परत त्याच रॉडवर चढवून ठेवा.

मग पट्टी. ब्रेकच्या प्लेटपासून निघून स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याला) जोडलेला हा लोखंडी दांडा किंवा चपटी पट्टी असते. तिच्या बोल्टच्या टोकाला स्प्लिट पिन दिसेल. पक्कडीने पिनचे पाय सरळ करून ओढा, नट काढा, स्प्रिंग वायसर सांभाळा आणि पट्टी खाली सोडा. पिनच नसेल तर आतापर्यंत आपण नशिबावर फिरत होतो असं समजा.

आता चेन. इथे गाड्यांचे दोन प्रकार होतात. शंभर सीसीच्या पुष्कळ गाड्यांत चेनच्या बाजूला ॲक्सलच्या नटाच्या आत आणखी एक मोठा नट असतो. तो पोकळ असतो आणि त्याच्यामधून ॲक्सल जाते. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, त्या मोठ्या नटावर स्विंगआर्मला धरलेलं असतं. अशा गाडीत हा मोठा नट आणि चेनचे ॲडजस्टर (चेन ताणणारे स्क्रू) यांना हातही लावायचा नाही. ॲक्सल ओढली की चाक एकटंच बाहेर येतं. स्प्रॉकेट, चेन आणि चेनचं कव्हर जागच्या जागी राहतं. ही रचना ज्याने कुणी केली त्याने पंक्चरवाल्यांवर मोठे उपकार केले आहेत.

तुमच्या गाडीत ही सोय नसेल तर दोन्ही बाजूंचे चेन ॲडजस्टर सैल करावे लागतील. त्याआधी स्विंगआर्मवरच्या खुणांपैकी कितव्या खुणेवर ॲडजस्टर आहे ते दोन्ही बाजूंना बघून लिहून ठेवा. मग चाक पुढे ढकला, चेन ढिली पडेल, ती स्प्रॉकेटवरून उचलून बाजूला घ्या. चेन हाताने ओढताना इंजिन बंद आहे आणि चावी काढलेली आहे याची खात्री करा. चालत्या चेन-स्प्रॉकेटमध्ये सापडलेली बोटं वाचत नाहीत.

ॲक्सलचा नट पूर्ण काढा, वायसर परातीत ठेवा. नटाच्या बाजूने ॲक्सलच्या टोकावर हलके ठोके द्या. लोखंडी हातोडी थेट आट्यांवर मारू नका. मध्ये लाकडाचा तुकडा धरा, किंवा नट टोकापर्यंत परत चढवून त्यावर ठोका. ॲक्सल दुसऱ्या बाजूने एका हाताने ओढा आणि दुसऱ्या हाताने चाकाखाली आधार द्या. काही गाड्यांत ॲक्सल निघताना सायलेन्सरला अडते. तिथे सायलेन्सरचा मागचा बोल्ट सोडून तो थोडा खाली करावा लागतो.

ॲक्सल निघताच ब्रेकच्या बाजूला चाक आणि स्विंगआर्म यांच्यामधलं एक गोल बुश, म्हणजे अंतर राखणारी छोटी नळी, खाली पडतं. त्याची कुठली बाजू चाकाकडे होती ते बघून ठेवा. मग चाक ब्रेकच्या बाजूला सरकवा. हबमधले (चाकाच्या मधल्या भागातले) रबर स्प्रॉकेटच्या पुढे आलेल्या दाड्यांतून सुटतील आणि चाक मोकळं होईल. मडगार्ड खाली असेल तर चाक बाहेर यायला जागा पुरत नाही. अशा वेळी एकाने गाडी चेनच्या बाजूला थोडी कलती धरायची आणि दुसऱ्याने चाक काढायचं. एकटे असाल तर डबल स्टँडखाली फळी घालून गाडी दोन इंच उंच करा.

चाक हातात आहे तोवर

घाई नसेल तर ही दहा मिनिटं वाया घालवू नका. चाक परत इतक्या सहज हातात येत नाही.

आधी ब्रेक. प्लेट बाहेर काढली की आत काळी धूळ दिसेल. तिला फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या ब्रेक शूच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि नसलं तरी ती धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही. ओल्या चिंधीने पुसा आणि चिंधी फेकून द्या. लायनर पातळ झाला आहे का, एका बाजूलाच झिजला आहे का, ते बघा. प्लेटच्या बाहेर ब्रेकच्या आर्मपाशी बाणाची खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला भिडत असेल तर शू बदलायची वेळ झाली आहे. शू फाकवणाऱ्या कॅमला ग्रीसचा अगदी बारीक थर लावा. ड्रमला किंवा लायनरला ग्रीसचा डाग लागला तर ब्रेक लागणार नाही, म्हणून ग्रीसचा हात धुऊनच शूला हात लावा.

मग बेअरिंग. हबच्या भोकात बोट घालून आतली रिंग फिरवा. ती तेलावरून सरकल्यासारखी गप्प फिरली पाहिजे. वाळूत फिरवल्यासारखी खरखर लागली, अडकत गेली किंवा वर-खाली हलली तर बेअरिंग गेलं. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी नेली असेल तर हे हमखास बघा.

हबमधले रबर बघा. मेकॅनिक त्यांना ड्रम रबर म्हणतात. गिअर टाकताना मागून धक्का बसत असेल तर बहुतेक वेळा हेच झिजलेले असतात. चेन-स्प्रॉकेट बदलायचा खर्च करण्याआधी एकदा इथे बघा.

ॲक्सल पुसून सपाट फरशीवर लोळवा. सरळ असेल तर आवाज न करता लोळेल, वाकडी असेल तर टक-टक करत जाईल. वाकलेली ॲक्सल ठोकून सरळ करू नका, नवी घ्या. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा आणि बोटाने ग्रीसचा पातळ थर द्या, आट्यांना मात्र लावू नका. चाकाच्या प्रत्येक तारेवर पान्याने हलका ठोका द्या. घट्ट तार ठणकन वाजते, ढिली तार भद्द वाजते.

पंक्चर घरी काढत असाल तर ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आतून जाड कापड फिरवा. बाभळीचा काटा बाहेरून मोडलेला असतो आणि आत त्याचं टोक उरलेलं असतं. ते कापडाला अडकेल. उघड्या बोटाने चाचपलं तर बोटात घुसेल. हे टोक न काढता नवी ट्यूब टाकली तर घरी पोचेपर्यंत पुन्हा पंक्चर. टायर रिमवर चढवताना शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी यावा. समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून ठेवली तर लोखंडाच्या पट्ट्यांनी फार ओढावं लागत नाही आणि ट्यूब चिमटत नाही. नव्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघूनच टायर चढवा.

मागचं चाक बसवताना

ब्रेकची प्लेट ड्रममध्ये बसवा. नवे शू असतील तर थोडं अडेल, प्लेट फिरवत-फिरवत आत घाला. चाक जागेवर घेऊन हबचे रबर स्प्रॉकेटच्या दाड्यांसमोर आणा आणि चाक किंचित पुढे-मागे फिरवत आत ढकला. पूर्ण बसलं की मधली फट नाहीशी होते. फट राहिली असेल तर ॲक्सलचा नट आवळून ती बुजवायला जाऊ नका, रबर फाटतील. चाक बाहेर ओढा आणि पुन्हा बसवा.

बुश त्याच्या जागी धरा आणि ॲक्सल ज्या बाजूने निघाली त्याच बाजूने घाला. ती हाताने सरकत गेली पाहिजे. अडली तर समजा की बुश किंवा प्लेट रेषेत नाही. अशा वेळी हातोडी बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूने भोकातून उजेड दिसतो का बघा. वायसर घालून नट हाताने जेवढा जाईल तेवढाच फिरवा. नट पहिल्या दोन आट्यांत हाताने जात नसेल तर तो तिरका चढतोय. पान्याने रेटू नका.

आता लगेच पट्टी. ही मी कधीही पुढे ढकलत नाही, कारण हीच विसरली जाते. पट्टी प्लेटवरच्या बोल्टमध्ये अडकवा, वायसर, नट, पान्याने घट्ट आवळा आणि नवी स्प्लिट पिन घाला. पिनचे दोन्ही पाय दोन दिशांना नीट वाकवा. या पट्टीचं काम समजून घेतलं की ती विसरत नाही. ब्रेक दाबला की शू ड्रमला घासतात, आणि फिरणारा ड्रम शूला आणि शूसकट सगळ्या प्लेटला आपल्याबरोबर फिरवू पाहतो. प्लेट न फिरण्याचं एकमेव कारण ही पट्टी. चाकाला थांबवणारा सगळा जोर त्या एका बोल्टवर येतो, आणि बोल्टचा नट गळू न देणारी ती तारेची पिन.

ब्रेकचा रॉड आर्ममधून घाला, स्प्रिंग आणि आडवी पिन जागेवर आहे ना बघा, नट फिरवा. आता चेन. ॲडजस्टरला हात लावला नसेल तर चेन जशी होती तशीच असेल, तरी बघा. दोन स्प्रॉकेटच्या मध्यावर खालची चेन बोटाने वर-खाली करा. या वर्गातल्या गाड्यांत ती साधारण २० ते ३० मिलिमीटर हलायला हवी. आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा अंतिम माना. चाक फिरवून चार ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ढिली नसते. जिथे सर्वांत टाइट असेल तिथलं माप धरा. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर एकाच खुणेवर हवेत. एक बाजू पुढे आणि एक मागे राहिली तर चाक तिरकं बसतं, गाडी एका बाजूला ओढते आणि स्प्रॉकेटचे दात एकाच बाजूने झिजतात. आतला मोठा नट असलेल्या गाडीत चेन टाइट करायची असेल तर तो नटही सैल करावा लागतो आणि नंतर आठवणीने आवळावा लागतो.

आता ब्रेकचं पेडल कुणाला तरी दाबून धरायला सांगा आणि ॲक्सलचा नट आवळा. पेडल दाबल्याने शू ड्रमच्या बरोबर मध्यावर बसतात आणि ब्रेक एकसारखा लागतो. किती आवळायचा याचा आकडा पुस्तकात असतो. आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्कचा पाना आपल्यापैकी फारच थोड्यांकडे असतो, म्हणून एक अंदाज सांगतो. ५० न्यूटन-मीटर म्हणजे एक फूट लांब पान्याच्या टोकाला सतरा किलो वजन लटकवल्यावर पडेल तेवढा जोर. बादलीत सतरा लिटर पाणी भरून एका हाताने उचलून बघा, हाताला अंदाज येईल. पान्यावर पाइप चढवून, वर पाय देऊन आवळणारे मी पाहिले आहेत. त्याने आट्या ताणल्या जातात आणि पुढच्या वेळी नट आटीसकट बाहेर येतो.

शेवटी पेडलचा मोकळा खेळ बघा. ब्रेक धरायला लागण्याआधी पेडल २० ते ३० मिलिमीटर खाली जायला हवं. चाक हाताने फिरवा, घासल्याचा आवाज यायला नको. मागे उभं राहून ब्रेकचा दिवा लागतो का तेही बघून घ्या. रॉड ढिला-टाइट केल्यावर तो कधी सतत पेटलेला राहतो, कधी लागतच नाही.

पुढचं चाक

पुढचं चाक उचलायचं कसं हा पहिला प्रश्न. डबल स्टँडवर पुष्कळ गाड्यांचं पुढचं चाक जमिनीला टेकलेलंच राहतं. इंजिनखाली लाकडी ठोकळा देता येतो, पण तो सायलेन्सरच्या नळीखाली येऊ देऊ नका, नळी चेपते. मला दुसरी पद्धत जास्त आवडते. मागच्या कॅरिअरवर दादर ज्वारीचं पंचवीस-तीस किलोचं कट्टं ठेवून ते दोरीने पक्कं बांधतो. मागचा भार वाढला की पुढचं चाक वर उचललं जातं. बांधणं मात्र चुकवू नका, कट्टं सरकलं तर पुढचा भाग चाकाविना खाली येईल. हँडल सरळ ठेवून दोन्ही बाजूंनी दोरीने बांधलं तर ते ऐनवेळी फिरत नाही.

स्पीडोमीटरची केबल सोडा. ती प्लेटपाशी एका स्क्रूने धरलेली असते. ब्रेकची केबल खालच्या नटाने ढिली करून आर्ममधून काढा. २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही लागतो, त्यामुळे तिथे जोडणी थोडी वेगळी असते. सोडवण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढाच. मग ॲक्सलचा नट, मग ॲक्सल. चाक खाली उतरतं.

बसवताना खाच. ब्रेकच्या प्लेटवर एक उभी खाच असते आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या) नळीवर एक जाड दाता पुढे आलेला असतो. तो दाता या खाचेत बसला पाहिजे. मागच्या चाकाला जे काम पट्टी करते, ते पुढे हा दाता करतो. इथे ना नट असतो ना पिन, त्यामुळे चुकलं तरी काही उरत नाही आणि शंका येत नाही. प्लेट खाचेबाहेर राहिली तरी ॲक्सल कशीबशी घुसते, नटही लागतो आणि गाडी चालतेही. पहिला जोराचा ब्रेक दाबला की प्लेट फिरते, केबल गुंडाळली जाते आणि पुढचं चाक जाम होतं. पुढचं चाक जाम झालेली गाडी सावरता येत नाही. म्हणून ॲक्सल घातल्यावर जमिनीवर बसा, मोबाइलचा टॉर्च लावा, दाता खाचेत दिसतो का बघा आणि प्लेट हाताने धरून दोन्ही बाजूंना फिरवायचा प्रयत्न करा. ती हलता कामा नये. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. माझ्याकडे हे काम माझी मुलगी करते. ती दाता बोटाने दाखवते, त्याशिवाय मी नट आवळत नाही.

स्पीडोमीटरचा गिअर प्लेटमध्येच असतो. त्याचे दोन कान हबच्या खाचांत बसायला हवेत. ते बसले नसतील तर चाक आणि प्लेट यांच्यात फट दिसेल. चाक हळूहळू फिरवा, खट्कन आत जाईल. केबल शेवटी घाला आणि चाक फिरवत घाला.

नट हलका आवळून गाडी स्टँडवरून उतरवा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर भार देऊन फोर्क तीन-चारदा खाली-वर करा. दोन्ही नळ्या आपोआप सरळ रेषेत येतात. मग नट पूर्ण आवळा. लिव्हरचा मोकळा खेळ १० ते २० मिलिमीटर ठेवा आणि हँडल दोन्ही टोकांना फिरवून केबल कुठे ताणली जात नाही ना बघा.

डिस्क असेल तर

चाक बाहेर असताना ब्रेकची लिव्हर चुकूनही दाबू नका. पिस्टन बाहेर येतात आणि पॅडमध्ये डिस्क शिरायला जागाच उरत नाही. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी घालून ठेवा आणि लिव्हरला रबर बँड लावून वर चिठ्ठी अडकवा, म्हणजे घरातलं कुणी सहज दाबणार नाही. कॅलिपर (पॅड धरणारा भाग) काढावा लागला तर तो तारेने फ्रेमला बांधा, नळीवर लोंबकळू देऊ नका. चाक जमिनीवर ठेवताना डिस्कची बाजू वर ठेवा. डिस्कला ग्रीसचा हात लागला तर ब्रेक क्लीनरने पुसा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चाकाजवळच्या सेन्सरची तार ताणू नका. ॲक्सल धरणारा छोटा बोल्ट फोर्कच्या तळाशी असेल तर तो सर्वांत शेवटी आवळा. आणि गाडी हलवण्याआधी लिव्हर दहा-बारा वेळा दाबा. पहिल्या काही दाबांत ती पोकळ लागते, कारण पॅड मागे सरकलेले असतात. गेटबाहेर पडल्यावर ही पोकळ लिव्हर हाताला लागायला नको.

रस्त्यावर नेण्याआधी

हवा थंड टायरमध्ये भरा. किती हे चेन कव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. एकट्यासाठी आणि दोघांसाठी मागच्या टायरचे आकडे वेगळे असतात, आणि आपल्याकडे मागे माणसाबरोबर बहुधा एखादी पिशवीही असते.

गाडी सुरू न करता ढकलत दहा पावलं न्या आणि दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. मग गल्लीतच पहिल्या गिअरमध्ये चालवा, थांबवा, पुन्हा चालवा. हँडल थरथरतंय का, मागून टकटक येतंय का, ऐका. नवा टायर असेल तर पहिले शंभरेक किलोमीटर वळणावर सांभाळून चालवा. नव्या रबरावर गुळगुळीत थर असतो आणि पहिल्या पावसात तो घसरतो.

चाक बसवलं त्या दिवशी मी मुद्दाम अमळनेरच्या बाजारापर्यंत जाऊन येतो. संध्याकाळी गाडी ओट्याशी लावली की ड्रमला बोटाची मागची बाजू लांबूनच नेऊन बघतो. कोमट असेल तर ठीक, चटका देण्याइतका तापला असेल तर ब्रेक घासत चालला आहे. मग पाना घेऊन ॲक्सलचे नट आणि पट्टीचा नट पुन्हा एकदा तपासतो, पिन हाताने ओढून बघतो, आणि मगच हात धुतो.